सुरुवात सारखी हवी

मी एक जुना कॉम्प्युटर आहे. पण मित्रांनो, आधीच सांगून ठेवतो, मी रडगाणं गायला आलेलो नाही.

चष्म्याच्या दुकानात, काचा घासायच्या यंत्राशेजारी माझं टेबल आहे. दुकान ताईचं आणि तिच्या थोरल्या भावाचं, म्हणजे दादाचं. मी नवा होतो तेव्हा काय कौतुक होतं माझं! गिऱ्हाईक आपला नंबर विसरायचं आणि मी चटकन सांगायचो. दादा रोज माझ्यावरून फडकं फिरवायचा. पुढे कौतुक ओसरलं, फडकंही गेलं. काचांची बारीक पूड तेवढी नेमानं माझ्या पंख्यात येऊन बसत राहिली.

दुपारी दुकान रिकामं असलं की ताई माझ्यावर राज्य वसवायचा खेळ खेळते. त्यात आधी आपली खेळी, मग शत्रूची. शत्रूची खेळी ठरवायला मी इतका वेळ घेतो, की तिचा चहा उकळून, गाळून, पिऊन होतो. तिला चालतं. दादाला चालत नाही.

हा खेळ खेळणाऱ्यांचा एक गट आहे, गावोगावी पसरलेला. ताईनं त्यात एक आव्हान जाहीर केलं. सगळ्यांनी एकाच नकाशावर, एकाच जागेपासून सुरुवात करायची, ठरलेल्या खेळीला थांबायचं आणि कोणाचं राज्य कसं झालं ते ताडून बघायचं. हरलं तरी पुन्हा पहिल्यापासून खेळायचं नाही. आणि जागा तरी कसली निवडली बाईनं! समुद्र आणि डोंगर यांच्यामधली चिंचोळी पट्टी, नदीचा पत्ता नाही, शेजारी दांडगा शत्रू. गटातले निवृत्त हेडमास्तर भडकले. इथे कोणी तगूच शकत नाही, जागा बदला, नाहीतर आम्ही बाहेर पडतो, असं त्यांनी कळवलं. ताई हटली नाही. आधी मी खेळून दाखवते, बुडाले तर आव्हान मागे घेते, असं तिनं उलट कळवलं. मी मनातल्या मनात शाब्बास म्हटलं.

तिचा डाव अर्ध्यावर होता आणि दादानं नवा कॉम्प्युटर आणला. हा जुना खेळ त्याच्यावर उघडेचना. तरी कोण आधी सुरू होतो ते दाखवायला दादानं आम्हा दोघांची बटणं एकदम दाबली.

"बघ," तो म्हणाला, "हा कामाला लागला, तुझा अजून जांभया देतोय."

"तुलना करायचीय ना? मग सुरुवात सारखी कर," ताई म्हणाली. "यालाही इतकी वर्षं काचेची पूड खाऊ घाल, आणि मग लाव शर्यत."

दादा चरफडला. तुझा डाव संपला की हा जुना भंगारात, एवढंच बोलून तो गिऱ्हाइकाकडे वळला.

मग काय, मीही इरेला पेटलो. तापलो, घरघरलो, पण बंद पडलो नाही. ठरलेली खेळी आली तेव्हा ताईच्या हातात एक गाव आणि अर्धी पडलेली भिंत उरली होती. तगली की नाही? हेडमास्तर मुकाट्यानं खेळायला बसले. त्यांनी होड्या बांधल्या, ताईपेक्षा मोठं राज्य केलं आणि गटात मनसोक्त मिरवले.

भंगारवाला आला तेव्हा ताई माझ्यावर सगळ्यांचे नकाशे ताडून बघत होती. दादानं मान वाकवून पाहिलं. एवढ्याशा पट्टीत अवघड ते काय, असं म्हणत त्यानं ताईला उठवलं आणि स्वतः बसला. दुसरा चहा पिऊन व्हायच्या आत त्याचं राज्य बुडालं.

"पुन्हा पहिल्यापासून लाव," तो म्हणाला.

"पुन्हा सुरुवात नाही," ताई म्हणाली.

दादा लाल झाला. दोष आपला नाही, हा कॉम्प्युटर अडखळतो म्हणून हरलो, असं त्यानं भंगारवाल्यालाच पटवून दिलं. पुढच्या आव्हानात दाखवतो म्हणाला, आणि पेचकस घेऊन त्यानं माझं झाकण उघडलं. मूठभर पूड निघाली. भंगारवाला रिकामं पोतं घेऊन परत गेला.

तेव्हा मित्रांनो, तुमच्या घरातलं जुनं यंत्र हळू चालत असेल, तर आधी त्याचं झाकण उघडा. आत तुमचीच धूळ असेल. ती झाडा, आणि मग मला हळू म्हणा. मी ऐकून घेईन.