खरवडलेली रेघ

नगररचना कार्यालयात माणसं हुद्द्याने नाहीतर टोपणनावाने ओळखली जात. मोठे साहेब, छोटे साहेब, शिक्केवाले काका, आणि तिसऱ्या मजल्यावर जिन्याशेजारच्या खोलीत रेघताई. चौतीस वर्षं या बाईंनी शहराचे नकाशे काढले. आधी पारदर्शक प्लास्टिकच्या फिल्मवर शाईने काढले. मग संगणक आला, बाकीच्या आरेखकांनी हात टेकले, तेव्हा यांनी चष्मा बदलून घेतला आणि संगणकही शिकल्या. आता निवृत्तीला दोन महिने उरले होते. रेघताईंची रेघ म्हणजे काळ्या दगडावरची, असं सगळं कार्यालय म्हणे. एक रेघ तशी नव्हती. ते त्यांना एकट्यांनाच ठाऊक होतं, आणि तीस वर्षांत त्यांनी ते कुणाजवळ बोलून दाखवलं नव्हतं.

शुक्रवारी दुपारी छोटे साहेब स्वतः फाइल घेऊन वर आले. साहेब स्वतः जिना चढला की समजावं, काम सरळ नाही.

"ताई, एवढं एक तुमच्या हातून जाऊ द्या," ते धापा टाकत म्हणाले. "पूर्वेकडच्या वसाहतीमागची ती पाणथळ. हरित पट्ट्यातून काढून निवासी करायचीय."

"पाणथळ आहे तर निवासी कशी होईल?"

"नैसर्गिक कुठे आहे ती? वसाहतीचं सांडपाणी साचून झालेलं डबकं आहे. संगणकावर मूळ नकाशा बघितला मी. तिथे कोरडी जमीन आहे. फक्त नियमाप्रमाणे मूळ फिल्मशी ताडून पाहिल्याचा दाखला लागतो, आणि फिल्म वाचणारं आता तुमच्याशिवाय आहे कोण? सोमवारी संध्याकाळपर्यंत द्या."

रेघताई फाइलच्या कडेवरून बोट फिरवत राहिल्या. साहेबांना वाटलं, बाईंना पाणथळीतल्या पक्ष्यांचा पुळका आला. "तीन हजार घरं होतील, ताई," ते जरा मऊ आवाजात म्हणाले. "शहरात माणसं मावेनात. त्यांना काय पाखरांच्या पंखाखाली ठेवायचं?"

माणूस वाईट नव्हता. म्हणत होता तेही खोटं नव्हतं, म्हणून तर पंचाईत होती.

ते गेल्यावर रेघताईंनी फाइल न उघडताच बाजूला सारली. त्या पाणथळीच्या जागी आणि वसाहतीच्याही जागी मिळून पूर्वी एकच मोठं तळं होतं. त्यांनी स्वतः ते काढलं होतं. बारमाही पाण्याला अखंड रेघ आणि उन्हाळ्यात आटणाऱ्या पाण्याला तुटक रेघ, हा कार्यालयाचा नियम. हे तळं वैशाखात आटायचं, म्हणून त्यांनी तुटक रेघ दिली होती. मग नवी मोजणी झाली. मोजणी नेहमी भर उन्हाळ्यातच होई, कारण चिखलात यंत्राचे पाय उभे राहत नाहीत. मोजणीवाले भेगाळलेल्या मातीवरून चालत गेले आणि लिहून आले, 'पाणी आढळले नाही.' अशाने या शहरातलं आटणारं पाणी कागदावर कधी सापडतच नसे, आणि त्यात कुणाला काही वावगंही वाटत नसे.

तेव्हाचे साहेब म्हणाले होते, "तुटक रेघ म्हणजे शंका. नकाशात शंका ठेवायची नसते. काढून टाका."

रेघताईंनी तळं डोळ्यांनी पाहिलेलं होतं. कंबरभर पाण्यातून लांब पायांचे करडे पक्षी चालताना पाहिले होते. पण नोकरीत त्या अजून कायम झाल्या नव्हत्या आणि घरी दोन वर्षांची लेक होती. त्यांनी अर्धं ब्लेड घेतलं आणि फिल्मवरची शाई खरवडायला बसल्या. तुटक रेघ खरवडणं फार चिवट काम. प्रत्येक तुकडा वेगळा खरवडायचा, खोडरबराने घासायचा, नखाने गुळगुळीत करायचा. एकशे अठ्ठावीस तुकडे होते. पुढे फिल्मची छायाचित्रं संगणकात भरली, तेव्हा यंत्राला ते ओरखडे दिसलेसुद्धा नाहीत.

तो खर्र खर्र आवाज मात्र रेघताईंच्या कानातून गेला नाही. खोली शांत झाली की तो सुरू व्हायचा. कुणी पातेलं खरवडलं, कुणी पायरीवर चप्पल घासली, तरी त्या दचकायच्या. घरचे म्हणत, हिला आवाज सोसत नाही.

पाच वर्षांपूर्वी लेक आणि जावई घर बघायला निघाले तेव्हा आईला बरोबर घेऊन गेले. नकाशेवाली आई असताना दुसऱ्या कुणाला कशाला विचारायचं? अकरा भाड्याच्या घरांनंतरचं ते पहिलं स्वतःचं घर. वसाहत उभी राहून तेव्हाच वीस वर्षं झालेली होती, भिंती सरळ होत्या, लेकीचे डोळे चमकत होते. रेघताई खिडकीत उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "उजेड छान आहे." त्यापुढे त्यांनी काही म्हटलं नाही. तोंड उघडलं तर पंचवीस वर्षांचं सगळंच बाहेर पडेल, अशी भीती वाटली.

रविवारी सकाळी त्या लेकीकडे गेल्या. वाहनतळावर, दोन गाड्यांच्या मधे, लांब पायांचे चार करडे पक्षी उभे होते. सिमेंटवर. चरत नव्हते, उडत नव्हते, नुसते उभे. रखवालदाराने काठी आपटली तसे दोन पावलं सरकले आणि पुन्हा होते त्याच जागी येऊन उभे राहिले.

"आलेत बघा मूळ मालक," दार उघडत विहीणबाई म्हणाल्या. लेकीच्या या सासूबाई टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेल्या. जन्मभर दुसऱ्यांचं ऐकून कान तिखट झाले होते. विहिणी-विहिणींचं पटतं यावर लोकांचा विश्वास बसत नाही, पण या दोघींचं पटायचं. "दरवर्षी येतात हो. यंदा भिंतसुद्धा लवकर रडायला लागलीय."

आतल्या खोलीत लेक हातात ब्रश घेऊन स्टुलावर उभी होती. तिसऱ्यांदा रंगवत होती ती भिंत. रंग हौशीने तिने स्वतः निवडलेला, फिकट पिवळा. त्यातून ओल वर आली होती, काळपट, हाताएवढ्या रुंदीची. जमिनीपासून वर जाऊन मधेच थांबलेली. तिच्या शेजारी कोरडी भिंत, मग पुन्हा ओल.

"आई, असं काय बघतेस? ओल कुणाच्या घरात नसते?" लेक म्हणाली. "वर टाकी नाही, भिंतीत नळ नाही. गवंडी म्हणतो पाणी येतंय कुठून तेच कळत नाही. आपोआप सुकेल."

"तो गवंडी काय बोलतो!" विहीणबाई म्हणाल्या. "मला तर दुपारी झोपल्यावर वास येतो. गाळाचा. आणि कुणीतरी पाण्यातून चालतंय असं ऐकू येतं. ही मंडळी म्हणतात, आईंचं वय झालं."

त्यांनी ओलीच्या कडेला पेन्सिलीने तारखा घातल्या होत्या. पाच वर्षांच्या. ओल दरवर्षी वर चढली होती, पण जागा सोडली नव्हती. एका वर्षी भिंतीचा गिलावा फोडून नवा केला, तरी बोटभरही नाही. ओलीचे तुकडे भिंतीभिंतीने ज्या वाकड्या वाटेने जात होते, ती रेघताईंच्या ओळखीची होती. जिथे ओल स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी आत वळत होती, तिथे तळ्याचा काठ वळत असे. ते वळण काढताना त्यांची लेखणी एकदा घसरली होती.

"विहीणबाई, घरात मोजायची टेप आहे का?"

लेक हसली. "रविवारी तरी सोड ना गं तुझं ऑफिस."

दोन विहिणी टेपची दोन टोकं धरून घरभर फिरल्या. मग काहीतरी निमित्त काढून शेजारच्या तीन बिऱ्हाडांत जाऊन आल्या. तिथेही ओल होती, आणि तिथेही माणसं म्हणाली, आपोआप सुकेल. शेवटी दाराशी टेप गुंडाळताना विहीणबाई हळूच म्हणाल्या, "घरात कुणीतरी आहे ना? मी म्हणत होते ते खरं ना?"

"कुणी नाही," रेघताई म्हणाल्या. "आधी जे होतं तेच आहे."

सोमवारी त्यांनी दार लावून घेतलं. रविवारची मापं त्यांनी ट्रेसिंग कागदावर मांडली होती; ओल जिथे जिथे होती तिथे काळा तुकडा, कोरडं असेल तिथे काही नाही. मूळ फिल्म काढली, काचेच्या टेबलावर अंथरली, खालचा दिवा लावला. खरवडलेले ओरखडे उजेडात पांढरे उठून दिसले. त्यावर त्यांनी ट्रेसिंग ठेवलं आणि कोपऱ्यातल्या खुणा जुळवल्या.

तुकड्यावर तुकडा बसला. जिथे त्यांनी तेव्हा शाईची रेघ ओढली होती तिथे भिंत ओली होती, जिथे मोकळी जागा ठेवली होती तिथे भिंत कोरडी. पाण्याला काठ असतो, पण तुटक रेघ फक्त कागदावर असते. ती भिंतीत कुठून आली? खोलीत खर्र खर्र सुरू झालं, आणि या वेळी रेघताईंना वाटलं, ते आपल्या कानात नाही, काचेखालून येतंय.

चार वाजता छोटे साहेब आले. रेघताईंनी त्यांना फिल्म दाखवली. साहेब वाकले, बघितलं, चष्मा काढून पुसला, पुन्हा बघितलं.

"हे खरवडलं कुणी?"

"मी."

साहेबांनी आधी दार बंद आहे ना ते पाहिलं. "ताई, काय बोलताय कळतंय का? नुसती पाणथळ नाही, अख्खी वसाहत तळ्यात जाईल. दोनशे बिऱ्हाडं. उद्या त्यांना घर विकता येणार नाही, एक वीट बदलता येणार नाही. तुमची लेक राहते ना तिथे?"

"राहते."

"आणि तुमचं निवृत्तिवेतन अडकेल ते वेगळंच. हे बघा, वसाहत काही पुन्हा तळं होणार नाही. झालं ते झालं. दिवा बंद करा, सही करा, आणि सुखाने घरी जा. आता उगाच तळ्यात-मळ्यात करू नका. पाचला शिपाई पाठवतो."

ते गेले. रेघताईंनी दिवा खरंच बंद केला. ओरखडे नाहीसे झाले, फिल्म कोरी दिसायला लागली. दाखला छापील होता; 'फरक आढळला नाही' या ओळीखाली फक्त सही करायची होती. त्यांनी लेकीचा विचार केला. स्टुलावरची, नाकाला पिवळा रंग लागलेली लेक. तिच्यासाठीच तर तेव्हा ब्लेड उचललं होतं. आता तिच्यासाठीच सही करायची. म्हणजे मागच्या पाणथळीवर तीन हजार घरं होतील, कुणीतरी आई खिडकीत उभी राहून म्हणेल उजेड छान आहे, आणि तिच्याजवळ तर सांगण्यासारखं काही असणारही नाही. त्या वाटेने पाणी दुसऱ्यांच्या लेकींच्या भिंतीतून वर येईल. आणि पक्षी कुठे उभे राहतील? रेघताईंना रडू आलं. लाज वाटून आलेलं रडू होतं ते, त्यात दुसरं काही नव्हतं.

मग त्यांनी खणातून जुनी शाईची लेखणी काढली. टोक सुकलं होतं. गरम पाण्यात बुडवून, फडक्याने पुसून, तीनदा आपटून त्यांनी ती चालू केली. पाच वाजता शिपाई आला तेव्हा त्यांचे साठ तुकडे काढून झाले होते. त्यांनी त्याला बाकावर बसवून ठेवलं. एकशे अठ्ठाविसावा तुकडा काढून झाल्यावर दाखल्यावरची छापील ओळ खोडली आणि खाली लिहिलं, 'फरक आढळला. मूळ रेघ मी खरवडली होती. आज पूर्ववत काढली आहे.' तारीख घातली, सही केली.

खर्र खर्र थांबलं आणि खोली एकदम शांत झाली. तीस वर्षांत पहिल्यांदा.

पाणथळीची फाइल त्या दिवशी थांबली. थांबली म्हणजे वाचली असं कुणी समजू नये, कार्यालयातल्या फायलींना पाय असतात. पण रेघताईंना आता दुसऱ्या कुणी सांगण्याआधी एके ठिकाणी जायचं होतं. त्या थेट लेकीकडे गेल्या. ट्रेसिंगची गुंडाळी पलंगावर उलगडली आणि उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. तळं, ब्लेड, नवी सही. विहीणबाई दाराच्या चौकटीला धरून ऐकत होत्या. बाहेर वाहनतळावर ते चारही पक्षी उभे होते.

लेकीने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "घर बघायला तू आली होतीस, आई."

"हो."

"त्या खिडकीत उभी होतीस."

"हो."

लेक रडली नाही, ओरडली नाही. तिने पलंगाची एक बाजू धरली आणि भिंतीपासून ओढायला लागली. विहीणबाई तिला हात द्यायला पुढे झाल्या. पलंग खोलीच्या मधोमध येऊन अडकला, तशी लेक थांबली, धाप लागलेली, कपाळावरचे केस मागे सारत.

"कोरडी बाजू कुठली? तेवढं तरी सांग आता."

रेघताईंनी कागदाकडे पाहिलं नाही. ती रेघ त्यांना पाठ होती. रेघ आतल्या खोलीतून निघून, स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी वळून, पुढच्या दारापर्यंत जात होती, आणि घर जवळजवळ सगळं तिच्या आतल्या, तळ्याच्या बाजूला होतं. त्यांनी हात उचलून बाहेरच्या दाराकडे दाखवलं.