चौदा तारखेची मारियामाता

स्पेनमधल्या वाल्देसाउसे गावच्या विहीर गल्लीत बेनिता आणि ओबदुलिया यांनी एकमेकींशी न बोलण्याचे व्रत अकरा वर्षे पाळले होते. उपवास मोडले असतील, रविवारची प्रार्थना चुकली असेल, पण अबोल्यात कधी खंड पडला नाही. कारणही तसेच थोर होते. गावजत्रेसाठी उसना नेलेला कुकर ओबदुलियाने रिंगेशिवाय परत केला. रिंग दिली, असे ती म्हणे. नाही दिली, असे बेनिता म्हणे. अकरा वर्षांत नवी रिंग आणावी, हे मात्र दोघींपैकी कोणालाच सुचले नाही.

दोघींच्या मधल्या घरात म्हातारी कासिल्दा राहायची, म्हणून गल्लीचे निभत होते. कारण आमच्या गल्लीत मारियामातेची पेटी फिरायची. देव्हाऱ्याएवढी लाकडी पेटी, पुढे दोन इवलीशी दारे, आत निळ्या पदराची माता. तीस घरे, महिन्याचे तीस दिवस. प्रत्येक घरी एक दिवस मुक्काम, आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सात वाजता पेटी शेजारणीच्या हातात द्यायची. हातातच. मातेला उंबऱ्यावर ठेवून, बेल वाजवून निघून जाणे आमच्याकडे बसत नव्हते. तेराची बेनिता, चौदाची कासिल्दा, पंधराची ओबदुलिया. मग कासिल्दाला तिच्या लेकाने सेगोव्हियाच्या वृद्धाश्रमात नेऊन ठेवले आणि माता बेनिताकडे नऊ दिवस अडकून पडली. पुढच्या घरांतली फुले फुलदाणीत वाळली. पेटीची यादी फेलिसाकडे असे. ती दोन्ही दारांवर जाऊन हात जोडून आली. दोघींनीही तिला कॉफी दिली आणि दुसरीबद्दल काय वाटते ते सांगितले.

तेवढ्यात कासिल्दाच्या घरात भाडेकरू आली. नेवेना, बल्गेरियाची, वय बावन्न. पेसेता जाऊन युरो आले, त्याच हिवाळ्यात. प्लेवेनच्या शाळेत तिने चोवीस वर्षे भूगोल शिकवला होता. दक्षिण अमेरिकेतल्या नद्या तिला उपनद्यांसकट पाठ. अशा विदुषीला गावाने साजेसे काम दिले. गावाबाहेरच्या शेडमध्ये गाजरे निवडायचे. तिला स्पॅनिश शब्द येत साठ, आणि त्यांतले चाळीस गाजराचे : जाड, बारीक, कुजके, तुटके, लवकर. एवढ्यावर गाजराशी छान जमते, शेजाऱ्यापाजाऱ्याशी नाही. गल्ली तिच्याशी फारच सभ्यपणे वागे. बघून हसायची, मान हलवायची आणि दार लावून घ्यायची.

एका संध्याकाळी फेलिसा तिच्या दारात आली.

"तू ख्रिस्ती आहेस ना गं?"

"ऑर्थोडॉक्स."

"म्हणजे काय?"

नेवेनाने साठ शब्द चाचपले. "तेच. पण चर्चमध्ये उभं राहायचं. जास्त."

फेलिसाला हा खुलासा पुरला. पेटी पुढे सरकणार असती, तर तिने एखाद्या बोकडालाही चालवून घेतले असते. "चौदा तारीख तुझी," ती म्हणाली. "हिच्याकडून घ्यायची, तिच्याकडे द्यायची. समजायचं काही नाही त्यात."

समजायचे पुष्कळ होते. पहिल्याच महिन्यात बेनिताने पेटी देताना निरोप दिला, "तिला सांग, दुसऱ्याच्या वस्तू दाबून ठेवणाऱ्यांनी मातेपुढे मेणबत्ती लावली तरी धूरच होतो." नेवेनाने तो घोकला आणि ओबदुलियाच्या दारात पोपटासारखा म्हणून दाखवला. अर्थ तिला कळला नव्हता. ओबदुलियाला कळला.

ओबदुलिया शेडमध्ये नेवेनाच्या शेजारीच उभी असायची. दुसऱ्या दिवशी सकाळी आठला गाजरांचा पट्टा सुरू झाला तसा तिने वर्ग सुरू केला.

"म्हण. 'बेनिता, तुझ्या जिभेवर.'"

"तुझ्या जिभेवर."

"'मातेनं पाय ठेवला तर.' अगं, कुजकं गेलं पुढे! 'तर तिचा पाय भाजेल.' आता सगळं एकदम म्हण."

असे आठ तास. घरून आणलेला ऑम्लेट-पाव ओबदुलिया अर्धा तिला द्यायची, बर्फाच्या दिवसांत तिने लोकरीचे मोजेही आणून दिले, पण उच्चार चुकला की गाजर फेकून मारायची. तिकडे तेरा-चौदाच्या संधीवर बेनिता तिला स्वयंपाकघरात बसवून लसणाचे सूप पाजायची आणि स्वतःच्या निरोपाची तालीम घ्यायची. माझा टोमणा परदेशी बाईच्या तोंडी पांगळा होऊ नये, या एकाच तळमळीने दोघींनी तिला भाषा शिकवली. सरकारी वर्ग इतके मन लावून कोणी चालवले नाहीत.

वर्षाने नेवेनाला कळू लागले, की आपण महिनोन्महिने मातेबरोबर काय वाहून नेत होतो. शिक्षिकाच ती. तिने लाल पेन काढले. "तिला सांग, तिच्या गुडघ्यात किडे पडोत," असे बेनिता म्हणाली, की नेवेना पलीकडे जाऊन सांगायची, "बेनितानं विचारलंय, गुडघा कसा आहे?" ओबदुलिया म्हणायची, "तिला सांग, तिचं सूप कुत्रंही खाणार नाही." इकडे पोहोचायचे, "ओबदुलियाला तुझ्या सुपाची आठवण येते." अशी दोन वर्षे गेली. खोटे बोलायला भाषा पक्की लागते, आणि नेवेनाची दर महिन्याला पक्की होत गेली.

आणि चौदा तारीख तिची झाली. त्या दिवशी ती फरशी पुसायची, आईने भरलेला टेबलक्लॉथ अंथरायची, मेणबत्ती लावायची. पेटी ज्या घरी, तिथे गल्लीतल्या बायकांनी आपापली खुर्ची घेऊन प्रार्थनेला जायचे, असा रिवाज. पाच-सहाजणी यायच्या. प्रार्थना दहा मिनिटे, पुढचे दोन तास कोणाच्या सुनेने काय केले. महिन्याचे उरलेले एकोणतीस दिवस तिचा उंबरा कोणी ओलांडत नसे. देवावर तिचा तसा बेताचाच विश्वास होता. त्या खुर्च्यांवर मात्र पुरा होता.

मग पावाच्या गाडीपाशी घात झाला. रांगेत दोघी मागेपुढे आल्या आणि ओबदुलिया अकरा वर्षांवर तीन वर्षे चढवून पहिल्यांदा बोलली, "गुडघा बरा आहे. दर महिन्याला विचारतेस, म्हणून सांगते."

"मी? मी विचारते?"

"बरं, सुपाचं म्हणशील तर..."

"सुपाचं काय?"

पाव मिळेपर्यंत सगळा हिशेब लागला. चौदा वर्षांत दोघी एकत्र इतक्या हसल्या नव्हत्या. हातात हात घालून घरी गेल्या. त्यांचे भांडण मिटवणारीचे आभार मानायला कोणी थांबले नाही. शत्रू गेला की वकिलाला कोण विचारतो?

चौदा तारखेला नेवेना चांगले बूट घालून दारात उभी राहिली. सात वाजले. बेनिता पेटी कडेवर घेऊन समोरून गेली. "काय गं, बरी आहेस ना?" असे गोड विचारले आणि ओबदुलियाच्या दारात शिरली. थोड्या वेळाने खुर्च्याही तिकडेच गेल्या.

नेवेना फेलिसाकडे गेली. फेलिसा वाटाणे सोलत होती. "अगं, तू पूल होतीस," ती समजुतीने म्हणाली. "आता नदीच आटली. बरं झालं की नाही?"

"नद्यांबद्दल मला सांगू नका, फेलिसाबाई," नेवेना म्हणाली आणि निघाली.

दुसऱ्या दिवशी रविवार. दुपारी साडेतीनला, गावातली कुत्रीसुद्धा घोरत असताना, तिने ओबदुलियाचे दार ठोकले. आमच्या गावात या वेळी दार फक्त मरणाची बातमी ठोकते. ओबदुलिया गाऊनमध्येच धावत आली. मागे बेनिता, ती जेवायला आली होती आणि सोफ्यावरच कलंडली होती.

"कोण गेलं?"

"कोणी नाही. तीन वर्षं तुमचे निरोप पोहोचवले. आता माझा ऐका," नेवेना म्हणाली. "तुम्ही दोघी कृतघ्न आहात. मी खोटं बोलले, हो, बोलले! खरं बोलले असते तर पावाच्या गाडीपाशी तुम्ही एकमेकींच्या झिंज्या उपटल्या असत्या. किडे मी काढले, कुत्री मी काढली. चौदा तारीख मला दिली, ती कासिल्दाच्या जुन्या खुर्चीसारखी घराबरोबर आयती मिळालेली नाही. ती मी कमावली आहे. शिकवलंत तुम्हीच, तर ऐकूनही घ्या!"

एवढे बोलून ती आत शिरली, कपाटावरची पेटी उचलली आणि मेणबत्तीसकट बाहेर पडली.

"चोर! मातेची चोर!" ओबदुलिया अनवाणी मागे धावली. "गाजरपुसणी मेली! माझे मोजे घालून माझ्याच घरात चोरी?"

"घे तुझे मोजे!" नेवेनाने पेटी काखेत धरून भर गल्लीत बूट काढले आणि एकेक मोजा तिच्याकडे भिरकावला. सगळ्या खिडक्या उघडल्या. गल्लीची झोपमोड झाली, पण इतकी चांगली करमणूक फुकट मिळत असेल तर तक्रार कोण करतो? मधे उभी राहून बेनिता पोट धरून हसत होती.

"हिच्याशी मी मरेपर्यंत बोलणार नाही," ओबदुलियाने मोजे गोळा करत सगळ्या खिडक्यांना जाहीर केले. "ऐकलंत ना? मरेपर्यंत!"

एवढी वर्षे गल्ली नेवेनाकडे बघून नुसती हसत होती. मरेपर्यंत न बोलण्याएवढी किंमत तिला आजवर कोणी दिली नव्हती. परक्या बाईशी अबोला धरायला इथे कोणाला वेळ होता?

फेलिसाने कपाळाला हात लावला, चष्मा चढवला आणि यादी नव्याने लिहिली. पेटी थांबता कामा नये. तेरा तारीख नेवेनाची, पंधरा ओबदुलियाची. आणि दोघींशी बोलते अशी एकटी बेनिताच उरली असल्यामुळे चौदा बेनिताची.

पुढच्या महिन्यात तेराला नेवेनाच्या घरी सात खुर्च्या आल्या. आठवी बेनिताची. ओबदुलियाची अर्थातच नाही. शेडमध्ये ती शेजारीच उभी राहून पलीकडच्या बाईला सांगे, "त्या बाईला सांग, कुजकी पुढे जातायत." नेवेनाही त्याच बाईकडून उत्तर धाडी.

दुसऱ्या संध्याकाळी सात वाजता तिने बेनिताच्या हातात पेटी दिली आणि कंबरेवर हात ठेवले.

"तिला सांग, मोजे परत घेऊन तिच्या पायांची दुर्गंधी कमी झाली असेल तर आनंद आहे. आणि म्हणावं, शेडमध्ये पाठ फिरवून उभी राहतेस तेव्हा पुढून दिसतेस त्यापेक्षा बरी दिसतेस. आणि तो अर्धा ऑम्लेट-पाव मी तीन वर्षं फक्त उपकार म्हणून खाल्ला, मीठ कधी धड नव्हतं. आणि..."

"अगं, हळू, हळू बोल," बेनिता पेटी सावरत म्हणाली. "माझ्या लक्षात राहायला नको?"