मामांचे गाल

कालच्या सामन्यात भाची तीनदा बाद झाली, आणि तिन्ही वेळा चेंडू पोचायच्या आधीच तिची बॅट फिरून मोकळी झाली होती. गाण्याला टाळी धरताना एखाद्याचा हात समेआधीच पडावा आणि एकटाच वाजावा, तशी. लोक हसले. तिला बेसबॉल शिकवणारे मामा बाकावर दातओठ खात बसले. उद्याच्या सामन्यातही असंच झालं तर पोरीला संघातून काढणार, हे निवड करणाऱ्या बाईंनी तोंडावर सांगितलं होतं.

आज सरावाला आले तेच मामा पारा चढवून.

"घाई कसली असते गं तुला? गाडी सुटते का? चेंडू टाकणारीचा हात जोरात आला म्हणून चेंडूही जोरात येईल, असं कुणी सांगितलं? पाय टाक, पण हात मागे ठेव. भार मागच्या पायावर. चेंडू येऊ दे!"

"हो मामा."

"हो मामा! काल कुठे गेला होता हा हो मामा?"

मारलेला चेंडू अंगावर येऊ नये म्हणून लावलेल्या छोट्या जाळीमागे उभं राहून ते चेंडू टाकू लागले. एक वेगात, दोन संथ, पुन्हा एक वेगात. भाचीने एकूणएक सणसणीत मारला. मामा आणखीच भडकले.

"इथे सगळं येतं! मग तिथे काय माझं नाक कापायला जातेस?"

मामी चेंडू गोळा करत होत्या. त्यांनी बादली दाणकन खाली ठेवली. "अहो, पुरे! ती चेंडू बघतच नाही, तुमचं तोंड बघते. संथ टाकायचा असला की तुम्ही गाल फुगवता. लग्न झाल्यापासून बघतेय मी, काही लपवायचं असलं की फुगलेच गाल."

मामा भाचीकडे वळले. "खरं?"

"हो."

"कधीपासून कळतंय?"

"पहिल्या वर्षापासून."

"आणि तीन वर्षं बोलली नाहीस?"

"तुम्ही शाब्बास म्हणायचात!" आता तीही उसळली. "घरभर सांगत सुटायचात. काय बोलणार होते मी? आणि तुम्हाला कधी वाटलं नाही, ही एवढी कशी मारते म्हणून?"

कानशिलात बसावी तसं मामांना झालं. देवाने पोरीला घारीची नजर दिली, आणि आपण ती तीन वर्षं स्वतःच्या थोबाडावर खर्ची घातली! राग काढायला दुसरं कुणी सापडेना, तेव्हा त्यांनी बादलीला लाथ मारली. चेंडू चहूकडे पळाले.

"उचला आता तुम्हीच," मामी म्हणाल्या.

त्यांनी निमूट उचलले. मग टॉवेल नाकातोंडावरून करकचून बांधला आणि पुन्हा टाकायला लागले.

दहातले नऊ हुकले. बॅट आधी, चेंडू मागून.

"चेंडू बघ!" टॉवेलमधून आवाज आला.

"तेच करतेय!"

अकरावा संथ होता. भाचीने पाय टाकला. हात पुढे धावू पाहत होते, पण मागेच राहिले. चेंडू रेंगाळत आला, तिने येऊ दिला, आणि मग बॅट फिरली. चेंडू मामांच्या नाकासमोरच्या जाळीवर असा आदळला की ते दोन पावलं मागे सरले. टॉवेलखाली ओठ हलले.

"शाब्बास म्हणू नका," भाची म्हणाली. डोळे वाहत होते, पण पुसायलाही तिने बॅट सोडली नाही. "टाका."