रत्नमालेचं दुखणं

“आत्याबाई, माझं डोकं ठिकाणावर नाय ऱ्हायलं. घाटी दवाखान्यात दाखवून येते,” पदराला हात पुसत रत्नमाला म्हणाली. “सोबतीला करुणाला नेते. तिची बी तपासणी होऊन जाईल.”

भाकरी थापता थापता सासूबाईंचा, केसरबाईंचा हात थांबला. “डोक्याच्या डॉक्टरकडं? येड लागलं का तुला?”

“तेच तर दाखवायचंय.”

भिंतीला टेकून बसलेली करुणा थोरल्या जावेकडे बघतच राहिली. रत्नमालेला काहीही झालं नव्हतं. फुलंब्रीच्या त्या घरात सगळ्यांत शाबूत डोकं तिचंच होतं. झालं होतं ते करुणाला.

तिला सहावा महिना होता. आई कधीच गेलेली, म्हणून पहिलं बाळंतपण असूनही ते सासरीच व्हायचं होतं. नवरा अतुल कंपनीजवळ, बिडकीनला खोली करून राहायचा. सुट्टीला येताना पेरू आणायचा. घर खुशीत होतं आणि करुणाला सकाळी डोळे उघडणंही जिवावर यायचं. घास तोंडात फिरत राहायचा. बाळ हललं की वाटायचं, शेजारच्यांचं दार वाजतंय, आपल्याला उठायचं कारण नाही. असं वाटणारी बाई आई कसली, या शरमेनं ती कुणाशी बोलत नव्हती. पण आदल्या दिवशी वाटाणे सोलताना तिच्या तोंडून निघून गेलं, “मी नसले तर काय बिघडंल, ताई?”

एरवी दोघींचं फारसं पटायचंही नाही. पण त्या रात्रीपासून रत्नमालेनं आपलं अंथरूण करुणाशेजारी टाकलं.

एसटीत करुणानं विचारलं, “खोटं कशाला बोललात, ताई?”

“तुझं नाव घेतलं असतं तर आत्याबाई दारात आडव्या पडल्या असत्या. माझं काय? माझी लेकरं मोठी झाली. मला कोण काय करतंय?”

डॉक्टरीणबाईंनी सगळं ऐकून घेतलं. मध्येच करुणाला हुंदका आला, तेव्हा त्या थांबल्या. मग म्हणाल्या, “हा आजार आहे, करुणा. गरोदरपणात पुष्कळ जणींना होतो. तुझं काही चुकलेलं नाही.” बाळाला चालतील अशा गोळ्या त्यांनी दिल्या आणि दर आठवड्याला बोलायला यायला सांगितलं. करुणानं अतुलला सगळं फोनवर सांगितलं. तो म्हणाला, “वहिनीला सोडू नको.”

दोघी जात राहिल्या. गोळ्या रत्नमालेच्या नावावर घरात राहिल्या. आणि गावात बोलणं झालंच. रत्नमाला आळीतल्या तान्ह्या बाळांना तेल लावायची, न्हाऊ घालायची. तिच्या हाताला गुण आहे म्हणायचे. आता तिला कुणी बोलवेना. तिनं हाक मारली तरी बाया लेकरू पदराखाली घ्यायच्या.

करुणाचं मळभ एकदम गेलं नाही. पण आठव्या महिन्यात एका सकाळी तिनं लसणाची चटणी मागितली आणि दोन भाकरी खाल्ल्या. पोटात लाथ बसली तसा तिनं हात ठेवला आणि पुटपुटली, “व्हय गं, जागीच हाय मी.”

मुलगी झाली. घरी आल्यावर केसरबाईंनी बाळाच्या अंघोळीला आळीतल्या भामाबाईला बोलावून आणलं. रत्नमाला पाणी तापवून बाजूला झाली. भामाबाई म्हणाली, “बरं केलं मला बोलावलं. येड्या बाईच्या हातात लेकरू देऊ नये.”

करुणानं बाळ छातीशी धरलं.

“गोळ्या मी खात होते,” ती म्हणाली. “आजार माझा होता. ताईंनी अंगावर घेतला. त्या नसत्या तर मी नसते, अन् ही पण नसती.”

“गप बस,” रत्नमाला दबक्या आवाजात म्हणाली. “ओल्या बाळंतिणीनं इतकं बोलू नाय.”

करुणा सावकाश चालत गेली आणि तिनं बाळ रत्नमालेच्या हातांत दिलं. रत्नमाला पाटावर बसली. पाय लांब करून तिनं बाळाला पायांवर निजवलं, तळव्यावर तेल घेतलं.

भामाबाई चप्पल घालून निघून गेली. केसरबाई बराच वेळ उंबऱ्यात उभ्या होत्या. मग पुढे आल्या, बादलीत कोपर बुडवून पाणी पाहिलं, थोडं गार ओतलं आणि तांब्या भरून थोरल्या सुनेच्या उजव्या हाताशी ठेवला.