चौथ्या मजल्यावरचा वारस

धंदा मुलाच्या हाती द्यायचा, हे मालकांनी मुलगा शाळेत होता तेव्हाच ठरवून टाकलं होतं. उंच इमारतींना बाहेरून रंग द्यायची कंत्राटं ते घ्यायचे. आता गुडघ्याने दगा दिला होता आणि जिना दिसला तरी कपाळावर आठी पडायची. कागदपत्रं बघणारे वकील त्यांना म्हणाले होते, "एकदम सोडू नका. आधी गिऱ्हाइकाला मुलाचं तोंड ओळखीचं होऊ द्या. कामगारांना त्याचा शब्द ऐकायची सवय लागू द्या. मग बाजूला व्हा."

मालकांना ते पटलं. काम संपलं की परांचीवरून, म्हणजे भिंतीलगत उभ्या केलेल्या खांब-फळ्यांच्या सांगाड्यावरून, अगदी वरपर्यंत चढायचं, भिंतीवरून हात फिरवायचा आणि खाली येऊन "झालं" म्हणायचं, हा मान आजवर त्यांचा होता. या वेळी तो मुलाला द्यायचा, आणि तोही गिऱ्हाइकाच्या इंजिनिअरबाईंसमोर, असं त्यांनी मनाशी पक्कं केलं.

त्या सकाळी मुलाने विचारलं, "बाबा, आज मुकादम वर गेले तर नाही चालणार?"

"मुकादम माझा वारस आहे का?" मालक हसले आणि त्याच्या पाठीवर थाप मारून इंजिनिअरबाईंकडे वळले.

मुलगा चढायला लागला. मालक बाईंना सांगत होते, "पोरगा अबोल आहे, पण कामाला वाघ आहे." बाई मान वर करून बघत होत्या. बघता बघता त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या.

"थांबलेत का ते?"

मालकांनी वर पाहिलं. चौथ्या मजल्याच्या फळीवर मुलगा लोखंडी खांबाला दोन्ही हातांनी मिठी मारून उभा होता. गाल खांबाला चिकटलेला, डोळे घट्ट मिटलेले, आणि गुडघे इतके थरथरत होते की ते खालून दिसत होतं.

पण खरा धक्का पुढेच होता. कोणी ओरडलं नाही, कोणी धावपळ केली नाही. वरच्या फळीवरच्या रंगाऱ्याने ब्रश डब्यात ठेवला, खाली उतरून मुलाच्या कमरेचा पट्टा खांबाला अडकवला आणि त्याचं तोंड हलकेच भिंतीकडे वळवलं. दुसऱ्याने बाटलीतलं पाणी त्याच्या मानेवर शिंपडलं. मुकादम सरसर वर गेला आणि अगदी शांतपणे बोलायला लागला, "भिंतच बघायची. आता डावा पाय. शाब्बास." हे सगळं त्या तिघांच्या हातचा मळ होता. त्यांनी हे कित्येकदा केलं होतं.

मालकांनी गुडघा विसरून परांचीच्या पहिल्या पायरीवर पाय ठेवला.

"मालक, वर येऊ नका," मुकादम वरून म्हणाला. आवाज चढला नव्हता, पण त्यात हुकूम होता. "तुम्ही दिसलात की त्यांचं जास्त होतं."

पायरीवरचा पाय मालकांना खाली घेता येईना. शेवटी इंजिनिअरबाईंनीच त्यांना दंडाला धरून रंगाच्या पालथ्या डब्यावर बसवलं.

मुलगा खाली आला तेव्हा त्याचा शर्ट घामाने पिळून काढण्यासारखा झाला होता. सामानाच्या शेडमध्ये बापलेक समोरासमोर बसले. मुकादम दारात उभा राहिला.

"कधीपासून?" मालकांनी विचारलं.

"पहिल्यापासून. चढून बघायचो, दर वेळी असंच व्हायचं."

"आणि ते वरचे फोटो? तू मला दाखवायचास ते?"

"मी काढायचो, मालक," मुकादम म्हणाला. "हे खाली बसून त्यातले दोष शोधायचे. भिंत कुठे फुगलीय ते यांना फोटोतही दिसतं. मला तर जवळूनही दिसत नाही."

"म्हणजे सगळ्यांना माहीत होतं."

मुकादमाने मान हलवली.

"तुझ्या आईलाही?"

"आईला सगळ्यात आधी."

"मग मलाच का नाही सांगितलंस?"

"तुम्ही कधी विचारलंच नाही, बाबा. मी हे करणार का, एवढंसुद्धा नाही."

घरी गेल्यावर त्यांनी बायकोला जाब विचारला. ती कपड्यांच्या घड्या घालत होती. "सांगितलं असतं तर तुम्ही त्याला रोज वर चढवून त्याची भीती घालवायला निघाला असता," ती म्हणाली. तिचं म्हणणं अगदी खरं होतं.

पुढचे काही दिवस त्यांचं कशात लक्ष लागेना. आयुष्यभर उभारलेलं आता मोडीत काढायचं, दुसरं काय. एका दुपारी त्यांनी मुलाला ऑफिसात बोलावलं आणि मन घट्ट करून विचारलं, "तुला हा धंदा नको आहे ना?"

मुलगा चकित होऊन बघत राहिला. "हवाय की. गिऱ्हाइकाशी बोलायचं, रंग ठरवायचा, माणसं लावायची, यातलं सगळं मला आवडतं. फक्त उंची नको."

मालक हबकले. नकाराची एवढी तयारी केली होती की होकार कुठे ठेवावा ते कळेना.

"मग वर कोण जाणार?"

"मुकादम. पण नोकर म्हणून नाही. भागीदार म्हणून."

मुकादमाला बोलावून विचारलं, तेव्हा तो खुर्चीची पाठ धरून उभाच राहिला. मग म्हणाला, "बायकोला विचारतो," आणि चप्पल घालायला विसरून बाहेर पडला.

त्याचा होकार आला. वकिलांनी कागद केले. मालक हळूहळू बाजूला झाले आणि धंदा रुळावर राहिला. नव्या कामाच्या पहिल्या सकाळी ते नुसते बघायला म्हणून गेले. मुलगा इमारतीच्या आवारात गिऱ्हाइकाशी हसत, हातवारे करत बोलत होता. खांदे सैल, मान मोकळी. असा तो त्यांनी कामावर कधी पाहिलाच नव्हता.

कुंपणाशी उभ्या उभ्या मालकांच्या अंगावर सर्रकन काटा आला. इतकी वर्षं हा पोरगा सकाळी त्यांच्याच शेजारी बसून चहा प्यायचा, त्यांच्याच गाडीतून कामावर यायचा. आणि पोटात केवढी भीती घेऊन यायचा, याचा त्यांना पत्ता नव्हता.