लंगडा आर

आमच्या यांना हॅम रेडिओचा, म्हणजे घरबसल्या बिनतारी संदेश पाठवण्याचा नाद. बंगलोरच्या बसवनगुडीतल्या घराच्या गच्चीवर एरियल बांधलेली, आणि रोज सकाळी इंदूरच्या दामोदरपंतांशी गप्पा. तोंडाने नव्हे, टेबलावरची मोर्स-की दाबून, कट्ट कडकट्ट करत, रोमन अक्षरांत मराठी. तीस वर्षं हे चाललं आणि दोघांनी एकमेकांचं तोंड म्हणून पाहिलं नव्हतं. घरात चार शब्द बोलायला महाग असलेला माणूस त्या कीवर मात्र आंब्याच्या लोणच्यापासून कारखान्यातल्या राजकारणापर्यंत सगळं बोलायचा. मला राग यायचा. ऐकून ऐकून मलाही ती भाषा कळायला लागली, तेवढाच काय तो फायदा.

मोर्सवाले एकमेकांना हातावरून ओळखतात. यांचा हात ओळखू यायचा तो आर या अक्षरात. आर म्हणजे छोटा, लांब, छोटा असे तीन सूर; त्यातला मधला लांब सूर हे उगाच रेंगाळवायचे. दामोदरपंत त्याला 'लंगडा आर' म्हणून चिडवायचे. रत्नाकर या नावात तो दोनदा येतो, त्यामुळे रोज दोनदा चेष्टा ठरलेली.

रिटायर झाल्यावर यांचा उजवा हात थरथरायला लागला. डॉक्टरांनी पार्किन्सन सांगितलं. यांनी दामोदरपंतांना कार्ड टाकून कसंबसं कळवलं की सेट बिघडलाय, आणि सेटवर कापड टाकलं.

"खरं ते सांगा ना त्यांना," मी म्हटलं. "नाहीतर मी फोन लावते."

"तुला माझी शपथ आहे. त्याच्यासाठी मी म्हणजे हा हात, नयना. तोच गेला म्हणून सांगू? मग राहिलं काय?"

शहाण्णव साल होतं. गल्लोगल्ली कॉम्प्युटरचे क्लास निघालेले. यांनी मुलाचा जुना कॉम्प्युटर मागून घेतला आणि गांधी बझारमधल्या एका क्लासमध्ये व्हिज्युअल बेसिक ही प्रोग्राम लिहायची भाषा शिकायला नाव घातलं. सोबत मीही जायची. वाक्य टाइप करायचं, पडद्यावरचं बटण दाबायचं, आणि बाकीची कट्ट कडकट्ट मशीनने करायची, असा यांचा बेत.

शिकवायला सौम्या नावाची मुलगी होती, इथल्याच जुन्या मराठी घरातली, बोलताना मधेच कन्नड मिसळणारी. "काही अवघड नाही अंकल, बटण माउसनं उचला, फॉर्मवर, या कोऱ्या चौकटीवर आणून सोडा. सरी, कळलं? स्वल्प सावकाश."

म्हणजे हातांना जे जमत नव्हतं नेमकं तेच. यांनी उचललेलं बटण भलत्याच कोपऱ्यात पडायचं, एका क्लिकच्या तीन व्हायच्या. सगळा क्लास माना वळवून बघायला लागला, तसं माझं डोकं फिरलं. मी खुर्ची ओढली, माउस हिसकावून घेतला आणि म्हटलं, "तुम्ही सांगा, मी करते." तेव्हापासून मीच यांचा उजवा हात झाले. बटण काय, टायमर काय, साठीच्या घरात सगळं शिकले. वैतागत शिकले, पण शिकले.

प्रोग्राम चालला त्या सकाळी हे नवा शर्ट घालून बसले. मी बटण दाबलं. अक्षरं कशी एकसारखी, घोटीव गेली.

"मशीन घेतलंस वाटतं?" दामोदरपंतांचं उत्तर आलं. "तुझा हात कुठाय? परक्याशी बोलल्यासारखं वाटतंय." आणि लवकरच ते निघून गेले.

यांनी दोन दिवस अन्नाला नीट हात लावला नाही. मग जुन्या कॅसेट काढल्या. दोघांच्या गप्पा त्यांत टेप केलेल्या होत्या. आपला प्रत्येक सूर किती लांब, कुठे अडखळतो, हे सगळं मोजून यांनी प्रोग्राममध्ये घातलं. स्वतःच्या चुका कॉम्प्युटरला शिकवत होते. मला हसू येत होतं, आणि त्या चुका मीच टाइप करत होते.

"आलास!" पुढच्या खेपेला दामोदरपंत म्हणाले. "हाच तो लंगडा आर! कुठे मेला होतास?"

त्या दिवशी मी शिरा केला. पण यांनी चमचा खाली ठेवला. "तो कॅसेटमधल्या माणसाला भेटला, नयना. मला नाही."

तरी रोज बसायचे. हे सांगायचे, मी टाइप करून बटण दाबायची, आणि यांचे दोन्ही हात मांड्यांखाली दाबलेले. एका सकाळी दामोदरपंत म्हणाले, "वयानं सगळ्यांचे हात बिघडले रे. तुझा तेवढा होता तसा आहे. देवाची कृपा."

हे एकदम उठले. "बास झालं. आज खरं सांगतो, माझ्याच हातानं." मला बाजूला सारून यांनी जुनी की जोडली. मला इतका आनंद झाला की काय सांगू.

यांनी नाव पाठवायला घेतलं. छोटे सूर दुप्पट झाले, लांब सूर मधेच तुटले. रत्नाकर हे नाव कसंबसं लागत होतं, पण यांचा हात त्यात कुठे उरलाच नाही. यांनी पुन्हा पाठवलं. मनगट डाव्या हातानं धरून पुन्हा पाठवलं.

"कोण आहे तिकडे?" दामोदरपंतांचा सूर कडक होता. "हे नाव माझ्या मित्राचं आहे. त्याचा हात मी झोपेत ओळखीन. चोर कुठला! बंद कर."

यांनी कीवरचा हात काढला.

थोड्या वेळानं सेट पुन्हा वाजला. "रत्नाकर, आहेस का? तुझ्या नावानं कुणीतरी खुडबुड करतंय."

मी धावत जाऊन कीबोर्डपुढे बसले. "मी लिहिते, तो मीच होतो म्हणून. सगळं लिहिते."

"नको." हे भिंतीकडे बघत होते. "लिही, हो, मीही ऐकलं. कुणीतरी दुसराच होता."

मी भांडले, रडले. "नयना, लिही," एवढंच म्हणत राहिले. शेवटी मी लिहिलं.

"आणि खाली नाव कुणाचं टाकू?" मी रागानं विचारलं.

"त्या कॅसेटमधल्याचंच टाक," हे म्हणाले.

मी बटण दाबलं. दोन्ही लंगडे आर अगदी ठणठणीत गेले.