सिंधुबाईंच्या सहीतले नाव

बुधवार, २७ जून १९७९. सकाळचे सव्वाअकरा. नाशिकच्या भांडीबाजारातल्या एका दुकानामागच्या खोलीत सिंधुबाई वडनेरे यांनी आयकराच्या विवरणपत्रावर सही केली. समोर बसलेल्या पुंजाराम वकिलांनी ती पाहिली आणि कागद उचलायला पुढे केलेला हात मागे घेतला.

मित्रांनो, ती सही माझ्या निबेतून उतरली. मी एक जुने, हिरव्या रंगाचे शाईपेन आहे.

सिंधुबाईंचे पती रंगनाथ यांनी मला १९५८ साली विकत घेतले. त्यांचे तांब्यापितळेच्या भांड्यांचे दुकान. भांड्यावर नाव घालायचे असले की ते आधी कागदावर लिहून देत आणि कारागीर तेच वळण ठोकून उमटवी. "शेठ, अक्षर असं की भांडं चुलीवर ठेवू नये," असे गिऱ्हाइके म्हणत. तेव्हा मला फार अभिमान वाटे.

१९७१ साली रंगनाथांचा हात थरथरू लागला. दुकानाचे अक्षर बदलू नये म्हणून सिंधुबाईंनी त्यांचे वळण गिरवून गिरवून उचलले. गिऱ्हाइकांना फरक कळला नाही. पुढे विवरणपत्रावरची सहीही त्याच करू लागल्या. भांड्यावर चालते ते कागदावर का चालू नये, असे दोघांनाही वाटले. रंगनाथ शेजारी बसून हसत. "सही माझीच. हात तेवढा तुझा."

या जानेवारीत रंगनाथ गेले. त्यांच्या कोटाच्या खिशात मी पाच महिने पडून होते. शाई आतल्या आत वाळली. मग वकील सांगत आले, की गेलेल्या माणसाचेही विवरणपत्र भरावे लागते आणि वारस म्हणून पत्नीने स्वतःची सही करायची. सिंधुबाईंनी मला कोमट पाण्यात धुतले आणि लिहिले : सिंधू रंगनाथ वडनेरे.

वकिलांनी गेल्या वर्षीची प्रत काढून शेजारी ठेवली. "रंगनाथ"मधल्या थ-ची शेपटी दोन्हीकडे सारखीच नावाखालून मागे गेली होती.

"वहिनी, हे तर रंगनाथचं अक्षर!"

"त्यांचंच. आठ वर्षं मीच काढते."

"म्हणजे मागच्या सगळ्या सह्या..."

"हात चालत नव्हता त्यांचा. तुम्ही काय भाऊजी, चहा प्यायचा आणि तयार कागद न्यायचा."

वकिलांनी घाम पुसला. "अहो, आयकराच्या साहेबांच्या नजरेस आलं तर जुनं सगळं उकरतील. खोट्या सह्या म्हणतील, दंड करतील. मी कोरा फॉर्म देतो. अंगठा लावा, विषय मिटला."

"सातवी पास आहे मी. निम्म्या गावच्या हंड्यांवर माझं अक्षर आहे. अंगठा लावू?"

"मग वाकडंतिकडं लिहा."

सिंधुबाईंनी मला पुन्हा उचलले. दुसऱ्या फॉर्मवर "सिंधू" लिहून त्या थांबल्या. अक्षर वाकडे यावे म्हणून बोटे घट्ट आवळली. मग "रंगनाथ" लिहिले. शेपटी तशीच मागे गेली.

त्यांनी आणखी एक कागद मागितला. १९७१ ते १९७८ या वर्षांच्या सह्या पतीच्या सांगण्यावरून, त्यांच्यासमोर, मी केल्या आहेत, असे त्यावर लिहिले.

"हे जोडू नका, वहिनी. हात जोडतो."

"जोडा."

मित्रांनो, मी नुसते पेन. कायदा मला कळत नाही. पण घरात कोणाचा हात थकला आणि दुसऱ्याने लिहायला घेतले, तर ते पहिल्याच दिवशी लिहून कळवा. ज्याचा हात थकला तो असतो, तोवरच कळवा. आता विचारले तर "हो, मीच सांगितले होते" असे म्हणायला रंगनाथ नाहीत.

१६ जुलैला टपालाने आयकर कचेरीचे पत्र आले. दोन ऑगस्टला सकाळी अकरा वाजता जुन्या सर्व कागदांसह हजर राहावे, सहीचा नमुना घेतला जाईल.

आज एक ऑगस्ट. कागद पिशवीत भरून झाले आहेत. सिंधुबाईंनी मला शाई भरून पिशवीच्या वरच ठेवले आहे.